‘ओएसपीएफ मल्टी-एरिया लॅब बिघडलेली आहे’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. ओएसपीएफ म्हणजे राउटरनी एकमेकांना नेटवर्कचे मार्ग (रूट) कळवण्याची पद्धत. मल्टी-एरियात नेटवर्कचे भाग (एरिया) पाडतात आणि एरिया ० हा त्यांना जोडणारा कणा असतो. निपाणीहून बेळगावला आमच्या नेटवर्किंगच्या लॅबला येऊन दोन रविवार घातले, तरी आर१-आर२ हे राउटर एक्सस्टार्टला (जोडणीच्या अर्धवट टप्प्याला) अडकले, एरिया ३ चे रूट दिसले नाहीत, राउटर जुनाट आहेत आणि सरांनी ‘एमटीयू-इग्नोर’ (एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, न तपासण्याची कमांड) टाकून द्यायला नकार दिला, असं तुम्ही लिहिलंत. यात दोन चुका आमच्या आहेत. राउटरचा मात्र दोष नाही.

पहिली चूक: आर२ च्या आर१ कडच्या इंटरफेसवर आधीच्या बॅचच्या टनेल प्रयोगातलं ‘आयपी एमटीयू १४००’ तसंच राहिलं होतं. तुमचा पिंग (चाचणीचं पॅकेट) जात होता, कारण नेहमीचा पिंग १०० बाइटचा असतो. ‘शो इंटरफेस’मध्ये दोन्हीकडे १५०० दिसले, तेही खरं, तो आकडा हार्डवेअरचा. आयपीचा एमटीयू ‘शो आयपी इंटरफेस’मध्ये बघावा लागतो. डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होताना प्रत्येक राउटर आपला एमटीयू कळवतो आणि समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा असला की ते पॅकेट टाकून देतो. म्हणून आर२ एक्सस्टार्टला आणि आर१ त्याच्या पुढच्या टप्प्याला, एक्सचेंजला, थांबला. दोन टोकांना अशा दोन वेगळ्या अवस्था दिसल्या की आधी एमटीयूच तपासायचा.

‘एमटीयू-इग्नोर’ न टाकण्याचा सरांचा निर्णय मला योग्य वाटतो. त्याने तपासणी बंद होते, लिंक मोठी होत नाही. लिंकच खरोखर लहान असेल तर पाच-दहा रूट असेपर्यंत सगळं चालतं. रूट वाढले की मोठी अपडेट पॅकेट हरवतात आणि नेबर (शेजारचा राउटर) लोडिंगला, म्हणजे शेवटच्या आधीच्या टप्प्याला, अडकतो. चालू नेटवर्कमध्ये हे शोधणं फार जड जातं. पण सरांनी ‘एमटीयू बघा’ एवढंच सांगून पुढे जायला नको होतं, कोणत्या कमांडने बघायचं तेही सांगायला हवं होतं.

दुसरी चूक आमच्या लॅबशीटची. चौथ्या प्रयोगात एरिया २ स्टब (ओएसपीएफबाहेरचे रूट आत न घेणारा) करायला सांगितलंय आणि पाचव्यात त्याच एरिया २ मधून व्हर्च्युअल लिंक (एरिया ० पर्यंतची आभासी जोडणी). स्टबमधून व्हर्च्युअल लिंक जात नाही. मधे आर३ आणि आर४ दोन्हींवर ‘नो एरिया २ स्टब’ द्यायला हवं, ती ओळ शीटवर नव्हती. एकाच बाजूने दिलं तर हॅलोमधला (नेबर एकमेकांना ठरावीक वेळाने पाठवतात त्या पॅकेटमधला) स्टबचा फ्लॅग जुळत नाही आणि ४० सेकंदांत नेबरच गायब होतो.

व्हर्च्युअल लिंक का लागते? आर४ एरिया २ आणि ३ ला जोडलेला आहे, पण एरिया ० ला नाही. त्यामुळे तो स्वतःला एबीआर (एरियांच्या सीमेवरचा राउटर) मानत नाही आणि इकडचे रूट तिकडे टाइप ३ (दुसऱ्या एरियातल्या रूटचा सारांश) म्हणून पाठवत नाही. तुमच्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगमध्ये आणखी एक गोष्ट सापडली, ती तेवढी तुमच्याकडून राहिली: आर३ वर तुम्ही आर४ चा इंटरफेस पत्ता १०.०.३४.२ दिलाय. तिथे राउटर आयडी (ओएसपीएफमधला राउटरचा ओळख क्रमांक) लागतो. आर३ वर ‘एरिया २ व्हर्च्युअल-लिंक ४.४.४.४’, आर४ वर ‘एरिया २ व्हर्च्युअल-लिंक ३.३.३.३’. राउटर आयडी मधेच बदलला असेल तर ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ दिल्याशिवाय नवा लागू होत नाही.

लूपबॅकला (राउटरमधल्या आभासी इंटरफेसला) /२४ मास्क देऊनही शेजारच्या राउटरवर /३२ दिसतं, तो बिघाड नव्हे. ओएसपीएफ लूपबॅकला एकच होस्ट समजतो. इंटरफेसवर ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट’ द्या, /२४ दिसेल.

शीट दुरुस्त केलीय. यापुढे प्रत्येक बॅचनंतर सगळ्या राउटरवर ‘राइट इरेज’ (जुनं कॉन्फिग पुसणं) आणि ‘रिलोड’ आम्हीच करून ठेवू. तुमचे दोन्ही रविवार परत देतो, फी न घेता. निपाणीहून यायचं म्हणून दुपारचा स्लॉट तुमच्यासाठी राखून ठेवू. फक्त आदल्या दिवशी कळवा.