काकांनी ओपनिंग वाचलेलं नव्हतं

बुद्धिबळात पाठांतराचा उपयोग होतो, पण समोरच्यानेही तेच पाठ केलं असेल तर. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या सोसायटीत माळ्यावरचे पट खाली आले. मीही रोज जेवण झालं की मोबाइलवर इटालियन ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, घोकू लागलो. राजापुढचं प्यादं दोन घरं, घोडा बाहेर, उंट सी४ घरावर, मग घोडा जी५वर, आणि एफ७वर त्याच घोड्याचा बळी देऊन काळ्या राजाची पटाच्या मधोमध वरात!

रविवारी क्लबहाउसमध्ये समोर तळमजल्यावरचे काका बसले. एक काळा उंट हरवलेला, त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं बूच. मी ऐटीत राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं. ई४! काकांनी कडेचं प्यादं एक घर सरकवलं. ए६!

मला घामच फुटला. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथे इंग्लंडच्या टोनी मायल्सने हीच पहिली चाल खेळून जगज्जेत्या कार्पोव्हला हरवलं होतं. काकांचा एवढा अभ्यास?

"कसला अभ्यास हो! आमच्या वेळी देशी बुद्धिबळात प्यादं एकच घर जायचं. हात तसाच वळलाय."

पुढची प्यादीही एकेकच घर: एच६, ई६, जी६, डी६. माझा उंट ई६च्या प्याद्याकडे वसुलीला आलेल्या माणसाने कुलपाकडे बघावं तसा बघत बसला. जी५वर घोडा न्यावा तर एच६चं प्यादं टपलेलं. मागे उभे असलेले बघे तेवढ्यात "काका, वजीर काढा, वजीर!" म्हणून ओरडत होते. यांतल्या एकालाही वजीर कुठल्या घरात असतो हे माहीत नसावं.

शेवटी मी कॅसलिंग केलं, म्हणजे एकाच चालीत राजा कडेला आणि हत्ती त्याच्या शेजारी, मग मधली प्यादी फोडली, हत्ती ई-पट्टीत आणला. आता शह आणि मग मात. काकांनी शांतपणे राजा उचलला आणि ई८वरून थेट जी७वर ठेवला.

"काका, ही घोड्याची चाल झाली!"

"हो ना. शह बसायच्या आधी राजाला एकदा असते."

"फिडेच्या आंतरराष्ट्रीय नियमात नाही बसत."

"फिडे राहतात कुठल्या विंगमध्ये?"

बघ्यांनी एकमताने काकांच्या बाजूने निकाल दिला. ठीक आहे, म्हटलं, आणि मीही माझा राजा उचलला.

"अं हं," काका म्हणाले, "तुम्ही मघाशी कॅसलिंग केलंत. दोन्ही सवलती कशा मिळतील?"

आणि बुचाने माझा हत्ती मारला.