एजच्या अंगात आलं

फ्लॅटच्या एका दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज भरायचा होता. कुठल्या कार्यालयात ते विचारू नका, माझी अजून त्यांच्याकडे कामं आहेत. "दहा मिनिटांत येतो," असं बायकोला सांगून मी जेवणानंतर लॅपटॉप उघडला. दाखला हातात पडला तेव्हा माठ माळ्यावर गेला होता आणि छत्र्या खाली आल्या होत्या.

सुरुवात क्रोमपासून केली. माझ्या लॅपटॉपवर चार ब्राउझर आहेत, पण बाकीचे तिघे घरात पाहुणे असावेत तसे. क्रोम घरचा. खातोही घरच्यासारखाच: आठ जीबी मेमरीतलं काय उरेल ते इतरांनी वाटून घ्यावं. नाव भरलं, पत्ता भरला, जिल्हा नाशिक निवडला. तालुक्याच्या यादीत 'तालुका निवडा' नावाचा एकच तालुका होता. निवडला. खाली लाल अक्षरांत उमटलं, 'कृपया तालुका निवडा'.

मग ब्रेव्ह. हा भाच्यानं दिवाळीत येऊन टाकून दिला होता. जाहिराती आणि पाळत ठेवणारे ट्रॅकर अडवणं हे त्याचं काम, आणि ते तो इतक्या इमानदारीनं करतो की त्यानं कॅप्चाचं चित्रही अडवलं. मी यंत्रमानव नाही हे सिद्ध करायची माझी तयारी होती, पण प्रश्नच दिसत नव्हता. त्याची ढाल खाली करायला लावली, तर पुन्हा तोच एकुलता एक तालुका. ऑपेरा उतरवून घेतला. तिथंही तोच.

रात्री साडेअकराला भाच्याला फोन लावला.

"मामा, ते सगळे एकच आहेत," तो जांभई देत म्हणाला. "आतून क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तेच. ऑपेरानं २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टच्या एजनं २०२० मध्ये. ब्रेव्ह तर जन्मापासूनच त्यातला."

म्हणजे मी दोन तास एकाच भावकीत दार ठोठावत होतो. थोरल्यानं नाही म्हटलं की धाकट्याकडे, धाकट्यानं म्हटलं की चुलत्याकडे. 

"वेगळ्या घराण्यातला कोण?"

"फायरफॉक्स. आणि सफारी, पण तो मॅकवर."

फायरफॉक्समध्ये तालुके आले! इगतपुरीपासून सुरगाण्यापर्यंत सगळे. मला भरून आलं. मी बायकोला हाक मारून दाखवले. तिनं "बरं" म्हटलं आणि दिवा मालवला. दोन पानं झपाट्यानं भरली, 'पुढे' दाबलं, आणि पाटी आली: 'आपला ब्राउझर या संकेतस्थळावर चालत नाही.' दोन पानं चालवून घेतल्यावर सांगतात.

यामागचा इतिहास भाच्यानं दुसऱ्या दिवशी सांगितला, तो ऐकून मला फायरफॉक्सची फार दया आली. कुठल्याही संकेतस्थळाच्या दारात ब्राउझर आधी आपली ओळख सांगतो. नव्वदच्या दशकात नेटस्केपचा ब्राउझर 'मोझिला' अशी ओळख सांगायचा, आणि त्याला चांगलं पान वाढलं जायचं. इंटरनेट एक्सप्लोरर आला, त्याला पंगतीत घेईनात. मग तोही म्हणू लागला, मी मोझिलाच की. पुढं जो आला त्यानं मागच्या सगळ्यांची नावं लावून घेतली. आजचा क्रोम दारात उभा राहून सांगतो: मी मोझिला, अ‍ॅपलवेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, सफारी. लग्नाच्या बायोडेटात मामाचं गाव आणि आत्याच्या यजमानांचा हुद्दा घालतात ना, तसं. आणि या गर्दीत मोझिलाच्या खऱ्या घरचा एकटा फायरफॉक्स. त्यालाच दारातून परत पाठवलं.

वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचा मॅक मागून आणला. सफारीत 'पुढे' हे बटण एका फुलांच्या चित्राखाली गाडलं गेलं होतं. त्यावर जास्त बोलत नाही, कारण मॅक परत देताना कुलकर्ण्यांच्या सूनबाई चार्जर मोजून घेत होत्या.

मधेमधे 'आपले सत्र संपले आहे' हे चालूच होतं. विधिमंडळाचंही सत्र इतक्या लवकर संपत नाही. शेवटी चिडून मी पानाच्या तळाशी गेलो, कुणाचा तरी फोन नंबर मिळेल म्हणून. तिथं बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये १०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसेल.'

इंटरनेट एक्सप्लोरर १९९५ साली जन्मला आणि १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनं त्याला निवृत्त केलं. मला दिवंगताची शिफारस आणायची होती.

"आणता येते," भाचा म्हणाला. "एज उघड."

एजशी मी कधी नीट वागलो नव्हतो. विंडोजबरोबर आलेला आहेराचा स्टीलचा डबा. तो दर आठवड्याला 'मला डीफॉल्ट करता का' विचारायचा आणि मी त्याच्या तोंडावर खिडकी बंद करायचो. आता त्याच्याच सेटिंगमध्ये शिरून इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी दिली, तो बंद करून उघडला, तीन ठिपके दाबून पान त्या मोडमध्ये पुन्हा लोड केलं. पत्त्याच्या पट्टीशेजारी तो जुना निळा 'ई' उगवला आणि एजच्या अंगात आलं. अक्षरं जाड झाली, बटणं चौकोनी झाली, तालुके आले, 'पुढे' गेलं. हे अंगात येणं तीस दिवस टिकतं, मग पुन्हा आवाहन करावं लागतं. आमच्याकडे पितर पंधरा दिवसांत परततात.

आणि मग पैसे भरायचं पान. बँकेच्या खिडकीनं एका नजरेत ओळखलं: 'आपला ब्राउझर जुना व असुरक्षित आहे. कृपया क्रोम वापरावा.'

अर्ज मेलेल्याच्या हातानं आणि पैसे जिवंताच्या, अशी वाटणी करून अर्ज क्रमांक कागदावर उतरवला आणि क्रोममध्ये 'अपूर्ण भरणा' शोधून दोनशे रुपये भरले. रात्रीचा पाऊण वाजला होता. बायको झोपेतच म्हणाली, "झाली का दहा मिनिटं?"

आठवड्याभरानं कार्यालयात गेलो. टेबलापलीकडच्या साहेबांनी माझा क्रमांक घातला, दोनदा घातला, मग स्क्रीन माझ्याकडे वळवला. 'तालुका निवडा.'

"मागच्या महिन्यात हा नवा कॉम्प्युटर दिला," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "तेव्हापासून एकही अर्ज उघडत नाही. तुम्ही भरलात कशात?"

मी खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडे बसलो. एज, सेटिंग, परवानगी, तीन ठिपके. निळा 'ई' उगवला तेव्हा शेजारच्या दोन टेबलांवरची मंडळी उठून आली. चहा आला. मी तीस दिवसांचं सांगितलं, तर साहेबांनी ते टेबलावरच्या कॅलेंडरवर गोल करून लिहून घेतलं आणि पुढं माझा मोबाइल नंबर.

एकतिसाव्या दिवशी सकाळी पावणेअकराला फोन वाजला.