दहा औंस, सोळा औंस आणि हाताचा वेग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बॉक्सिंगमधल्या स्पारिंगच्या, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीच्या, ग्लोव्ह्जवर इतकं मुद्देसूद कुणी भांडत नाही, त्यामुळे खाली दोन ओळी टाकून मोकळं होणं बरोबर वाटलं नाही. म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की स्पारिंगमध्ये १६ औंसचे ग्लोव्ह्ज घातल्याने ठोशाचा वेग फारसा कमी होत नाही, आणि वेगासाठी म्हणून हलके ग्लोव्ह्ज घालू नयेत. तुमचं म्हणणं असं, की १० वरून १६ म्हणजे वजन सरळ साठ टक्क्यांनी वाढलं, फरक पडत नाही म्हणणाऱ्याने एकदा दोन्ही घालून बघावं. दुसरं, जो रोज १६ मध्ये खेळतो त्याचं टायमिंग १६ चंच होतं आणि लढतीत ते चुकतं. तिसरं, ‘जड ग्लोव्ह्जनी हात फास्ट होतो’ ही जिममधली समजूत माझ्या लेखाने आणखी पक्की केली. आणि शेवटी, तुमचं वजन ६० किलो आहे, जोडीदाराची तयारी असेल तर १० औंसवर स्पारिंग करण्यात बिघडलं काय?

साठ टक्क्यांपासून सुरुवात करू. एक औंस म्हणजे साधारण २८.३५ ग्रॅम. ग्लोव्हवरचा आकडा एका ग्लोव्हचा असतो, जोडीचा नाही. म्हणजे १० औंसचा ग्लोव्ह सुमारे २८४ ग्रॅमचा, १६ चा ४५४ ग्रॅमचा, फरक १७० ग्रॅम. ग्लोव्हची तुलना ग्लोव्हशी केली तर साठ टक्के हे बरोबरच आहे. पण रिंगमध्ये ग्लोव्ह एकटा पुढे जात नाही. माणसाचा एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, शरीराच्या वजनाच्या जवळपास पाच टक्के भरतो. ७० किलोच्या बॉक्सरचा हात साडेतीन किलोचा, आणि त्याच्यामागे खांदा, कंबर, मागचा पाय. हे सगळं मिळून मूठ ढकलतात. त्या साऱ्यात १७० ग्रॅम किती, हा खरा प्रश्न.

यावर मोजलेले आकडे आहेत. २००५ साली ऑलिंपिक दर्जाच्या बॉक्सरांचे सरळ ठोसे मोजले गेले, त्यात हाताचा वेग सरासरी सेकंदाला ९ मीटरच्या आसपास आला आणि ठोशाचं ‘परिणामी वस्तुमान’ सरासरी २.९ किलो. परिणामी वस्तुमान म्हणजे ठोसा बसतो त्या क्षणी समोरच्याला जणू किती किलोची वस्तू येऊन आदळली, ते. या २.९ किलोमध्ये १७० ग्रॅम मिळवा. वाढ झाली सहा टक्क्यांच्या आतबाहेर. स्नायूंनी दोन्ही वेळा सारखंच कार्य केलं असं धरलं, तर वेग वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे सुमारे तीन टक्के. हिशोब ढोबळ आहे, पण चूक असली तर ती तुमच्या बाजूने झुकणारी आहे. कारण स्नायू जितका सावकाश आकुंचन पावतो तितकं जास्त बल लावू शकतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ सालीच दाखवून दिलं होतं. वजन वाढलं की हात किंचित मंदावतो आणि त्या मंदावण्यातच स्नायूला थोडं जास्त जोर लावायची संधी मिळते. तोटा काही अंशी भरून निघतो.

आता तीन टक्के म्हणजे घड्याळात किती? १९८५ मध्ये हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रूनो यांचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला होता. मूठ सुटल्यापासून लक्ष्यावर पोचेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग लागला, वेग सेकंदाला ८.९ मीटर. दहाव्या भागाचे तीन टक्के म्हणजे तीन मिलिसेकंद. जॅबमध्ये, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशात, अंगाचा वाटा कमी आणि हाताचा जास्त, तिथे हे दुप्पट धरा, सहा मिलिसेकंद. समोर काहीतरी हललं हे डोळ्यांनी पाहून शरीराने साधी हालचाल सुरू करायलाच माणसाला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे जोडीदार तुमचा जॅब सुटलेला पाहून चुकवतच नाही. तो तुमचा खांदा, पुढच्या पायावर सरकणारं वजन, कोपराची हालचाल वाचून आधीच निघालेला असतो. तीन काय आणि सहा काय, त्या मिलिसेकंदांमुळे तो ठोसा चुकवतो असं नाही.

मग १६ घातल्यावर हात मंद का वाटतो? तो भास आहे असं मी म्हणणार नाही. वेग जातोच, फक्त तुम्ही शोधताय तिथून जात नाही.

ठोसा जाताना अख्खं शरीर कामाला लागतं. परत येताना मात्र ते काम बहुतेक खांद्याच्या मागच्या आणि पाठीच्या वरच्या स्नायूंवर येऊन पडतं. ठोसा बसला तर निदान समोरचा माणूस तुमचा ग्लोव्ह थांबवतो. हुकला तर तो थांबवायचाही तुम्हालाच आणि परत आणायचाही तुम्हालाच. हे एका राउंडमध्ये किती वेळा होतं ते बघा. त्यात गार्ड, म्हणजे बचावासाठी चेहऱ्यापुढे उचललेले हात, धरून ठेवण्याचं ओझं वेगळं. हात आडवा सरळ धरला तर खांद्यापासून साठ सेंटीमीटरवरचे ते १७० ग्रॅम खांद्यावर साधारण एक न्यूटन-मीटरचं जास्तीचं बलआघूर्ण (हात खाली फिरवू पाहणारा जोर) टाकतात. हाताचं स्वतःचं वजन खांद्यावर जे टाकतं ते दहाच्या घरात आहे. म्हणजे दहा टक्क्यांची भर. एका ठोशात दहा टक्के कळत नाहीत. पण तीन मिनिटं, मग मिनिटभर विश्रांती, मग पुन्हा तीन मिनिटं असं चाललं की कळायला लागतात.

तिसऱ्या राउंडच्या शेवटी कुणाचाही जॅब-क्रॉस-जॅब नीट पाहा (क्रॉस म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा). पहिला जॅब जातो तसाच जातो. परत येताना डावा ग्लोव्ह सरळ रेषेत गालाशी येत नाही, खाली झोल घेत गळपट्टीच्या हाडापाशी येऊन थांबतो. क्रॉस संपेपर्यंत तिथेच असतो. दुसरा जॅब तिथून निघतो, आणि निघताना आधी वर उचलावा लागतो. तो उचलताना कोपर बाहेर फाकतं. फाकलेलं कोपर समोरच्याला लगेच दिसतं. इथे वीतभर जास्तीचं अंतर पडलं, आणि वर ठोसा येतोय याची आगाऊ सूचनाही गेली. दुसरा जॅब ‘स्लो’ पडला तो यामुळे. आणि ज्या वेळात डावा ग्लोव्ह गळपट्टीपाशी रेंगाळत होता, त्या वेळात डावा गाल उघडा होता, याची किंमत वेगळी.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. हल्ली बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असतं, म्हणजे एक फ्रेम सुमारे चार मिलिसेकंदांची. बाजूने चित्रण करा. मूठ हलल्यापासून पॅडला (कोच हातात धरतो ती गादी) लागेपर्यंतच्या फ्रेम मोजा, आणि पॅड सोडल्यापासून गालाशी येईपर्यंतच्या वेगळ्या मोजा. आधी १० औंसवर, मग पुरेशी विश्रांती घेऊन १६ वर. पहिल्या राउंडच्या सुरुवातीला आणि शेवटच्या राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात, दोन्ही वेळा. जायच्या फ्रेममध्ये एखाददुसरीचा फरक सापडेल. यायच्या फ्रेम दमल्यावर कशा वाढतात ते बघितल्यावर बोलू. साध्या ३० फ्रेमच्या चित्रणावर मात्र जाऊ नका, तिथे एक फ्रेमच ३३ मिलिसेकंदांची असते, काहीच कळणार नाही.

आणखी एक गोष्ट वेग खाल्ल्यासारखी वाटते, ती म्हणजे ग्लोव्हचं आकारमान. १६ चा ग्लोव्ह नुसता जड नसतो, जाडही असतो. समोरच्याच्या दोन ग्लोव्ह्जमधली फट लहान होते आणि तुमची मूठ मोठी होते. १० औंसवर जो ठोसा गार्डमधून आत शिरला असता तो १६ वर ग्लोव्हच्या कडांना घासून अडतो. आपण मारलं आणि लागलं नाही, की मन लगेच म्हणतं, हात कमी पडला. प्रत्यक्षात हात वेळेवर पोचलेला असतो, वाट अरुंद असते.

टायमिंगबद्दलचा तुमचा मुद्दा मला इथेच सगळ्यात जास्त पटतो, पण तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही. जाड ग्लोव्ह्जची खरी वाईट सवय बचावात लागते. दोन्ही ग्लोव्ह चेहऱ्यापुढे धरून उभं राहिलं की १६ मध्ये निम्मे ठोसे आपोआप अडतात. डोकं हलवायची गरज वाटत नाही. मग लढतीत १० किंवा १२ औंस घातले जातात, व्यावसायिक लढत असेल आणि वजन ६६.७ किलोपर्यंत असेल तर सहसा ८ औंस, आणि तोच गार्ड गळायला लागतो. कालपर्यंत ग्लोव्हवर बसणारा हूक (बाजूने वळून येणारा ठोसा) आज कानशिलावर बसतो. मारण्याचं टायमिंग तीनचार मिलिसेकंदांनी हललं तर शरीर ते पॅडच्या दोनचार सत्रांत जुळवून घेतं. बचावाची सवय इतक्या लवकर सुटत नाही. म्हणून मी म्हणतो, १६ घालूनही गार्डमागे लपून राहू नका, डोकं आणि पाय हलते ठेवा, आणि कोचला मुद्दाम सांगा की नुसत्या ग्लोव्हवर ठोसा झेलला की ओरडा.

लढतीच्या ग्लोव्ह्जचा सराव हवाच. तो पॅडवर करा, शॅडोत (समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारत) करा, लढत जवळ आली की जास्त करा. वेग वाढवायचाही तिथेच. ताजेतवाने असताना, कमी ठोसे, पूर्ण वेगात, मध्ये भरपूर विश्रांती. दमलेल्या हाताने वेगाचा सराव होत नाही, दमलेल्या हाताने फक्त दमलेल्या वेगाचा सराव होतो.

‘जड ग्लोव्ह्जनी हात फास्ट होतो’ असं मी लिहिलं नव्हतं आणि मानतही नाही. १६ काढून १० घातले की हात उडाल्यासारखा वाटतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. ती निव्वळ जाणीव असते. बेसबॉलमध्ये फलंदाज मैदानात जाण्याआधी बॅटला वजनाची कडी अडकवून फिरवतात. त्यावर प्रयोग झाले आहेत: कडी काढल्यावर बॅट हलकी वाटते, पण ती जास्त वेगाने फिरत नाही, काही मोजमापांत उलट सावकाश फिरली. हातात डंबेल घेऊन शॅडो करणाऱ्यांनाही हेच लागू आहे, वर त्यात धोका असा की डंबेलचं वजन खाली खेचतं आणि ठोसा समोर जातो, त्यामुळे शरीर भलत्याच दिशेला जोर लावायला शिकतं. १६ औंसने मिळतं ते खांद्याचं टिकणं. तेवढंच, आणि तेही पुष्कळ आहे.

एक बाब तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती, पण खरेदी करताना फार उपयोगी पडते. एकाच औंसचे दोन ग्लोव्ह हातात वेगळे वागतात. वजन मनगटाकडे असलं तर हात सहज फिरतो, बोटांच्या सांध्यांपुढे असलं तर तोच आकडा जड वाटतो, कारण फिरवण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. हूक मारताना हे चटकन लक्षात येतं. तेव्हा आकडा कमी करण्याआधी भराव कुठे आहे ते पाहा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. जोडीदार तयार आहे हे कारण मला पुरेसं वाटत नाही. जाड भराव ठोशाचा धक्का थोड्या जास्त वेळात पसरवतो, त्यामुळे कातडी फाटणं, भुवई उसवणं, तुमच्या स्वतःच्या मुठीची हाडं दुखावणं कमी होतं. डोक्याला बसणारा हिसका मात्र १६ मुळे नाहीसा होत नाही, कारण मेंदू कवटीत हलतो तो डोकं झटक्याने फिरल्यामुळे, आणि ग्लोव्ह कितीही मऊ असला तरी डोकं फिरतंच. म्हणजे १६ घालूनही जपूनच खेळायचं असतं. तिथे १० घालून उरलासुरला भरावही काढून टाकायचा, आणि मिळवायचे तीन मिलिसेकंद? रोज, आठवड्यातून अनेकदा, ज्याच्याबरोबर शिकायचं त्याच माणसावर? मला हा सौदा कोणत्याही बाजूने परवडणारा दिसत नाही.

६० किलोला १६ खांद्यावर फारच येत असतील तर १४ घ्या, हलक्या वजनाचे अनेक बॉक्सर १४ वरच स्पारिंग करतात. दोघांचे ग्लोव्ह सारख्याच औंसचे ठेवा. १२ वापरायचेच असतील तर फक्त जॅबचे किंवा फक्त अंगावरचे, हलक्या हाताचे राउंड ठेवा. आणि एक तपासणी आजच करा: ग्लोव्हच्या पुढच्या भागावर, बोटांच्या सांध्यांच्या वर, अंगठ्याने जोरात दाबा. आतलं हाड लगेच लागलं तर तो भराव मेलेला आहे, वजनकाट्यावर तो अजून १४ औंसच भरेल. बॅगवर बडवलेले ग्लोव्ह असेच होतात, ते बॅगलाच राहू द्या. स्पारिंगची जोडी वेगळी ठेवा.

फ्रेम मोजल्यात तर आकडे इथेच खाली लिहा, जायचे आणि यायचे दोन्ही.