‘दोन नळ’ म्हणणाऱ्या वाचकांस उत्तर

अमेरिकेच्या सैन्यात पती-पत्नी दोघेही सेवेत असताना त्यांना मिळणाऱ्या भत्त्यांवर मी गेल्या महिन्यात लिहिलेल्या लेखाखाली ‘एक करदाता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिचे पहिले वाक्य असे: “ताई, नवरा-बायको दोघेही गणवेशात असले की सरकारी तिजोरीला दोन नळ लागतात, एका छपराखाली राहून दोन घरभाडी, आणि वर ताटातुटीचे बक्षीस.” पुढे आणखी चार मुद्दे आहेत. त्यांपैकी काहींकडे मी शेवटी वळेन, पण हे वाक्य तसेच सोडून पुढे जाणे मला शक्य नाही.

आधी माझी चूक कबूल करते. जुने दोन निवास भत्ते एकत्र करून आजचा घरभाडे भत्ता, म्हणजे बीएएच, १९९६ साली सुरू झाला असे मी लिहिले होते. तो जानेवारी १९९८ पासून लागू झाला, हे आपले म्हणणे बरोबर आहे. दोन वर्षांची ही चूक दाखवून दिल्याबद्दल आभार. मात्र तिचा आधार घेऊन “जिथे साल धड नाही तिथे बाकी काय असणार” असे म्हणण्याची गरज नव्हती. ज्यांना ‘ताई’ म्हणतो त्यांच्याशी आपल्याकडे या सुरात बोलत नाहीत.

आता ‘दोन घरभाडी’. हा भत्ता किती मिळेल हे तीन गोष्टींवर ठरते: वेतनश्रेणी, नेमणुकीचे ठिकाण, आणि सैनिकावर कोणी आश्रित आहे की नाही. सैनिकाची पत्नी किंवा पती नागरी जीवनात असेल, तर त्याला ‘आश्रितांसह’ हा वरचा दर मिळतो, आणि तिथे जोडीदाराची कमाई कोणी विचारत नाही. एखाद्या नाविकाची पत्नी सॉफ्टवेअर कंपनीत त्याच्या तिप्पट पगार घेत असली तरी कागदोपत्री ती आश्रितच असते. पण जोडीदार स्वतः सैन्यात असेल तर तो आश्रित धरला जात नाही. ज्या व्यक्तीला स्वतःचे मूळ वेतन मिळते तिच्या नावावर दुसऱ्याला वाढीव भत्ता देऊ नये, असे कायद्यातच लिहिलेले आहे. म्हणून मूल नसलेल्या सैनिक जोडप्यात दोघांनाही ‘आश्रितांविना’ हा खालचा दर मिळतो. मूल झाले की दोघांपैकी एकाला वरचा दर मिळतो, दुसरा खालच्याच दरावर राहतो. आपण ज्याला दुसरा नळ म्हणता तो दुसऱ्या माणसाच्या दुसऱ्या नोकरीचा मोबदला आहे. गणवेशातील दोन मैत्रिणींनी मिळून एक सदनिका भाड्याने घेतली, तर दोघींना आपापला भत्ता मिळतो आणि त्यावर कोणाला नळ आठवत नाही. मग अशाच एकत्र राहणाऱ्या दोघांनी एकमेकांशी लग्न केले की हिशोब का बदलावा?

“भारतात असले काही चालत नाही” असेही आपण जाता जाता लिहिले आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतील पती-पत्नी खासगी घरात राहत असतील तर तेथेही दोघांना आपापला घरभाडे भत्ता मिळतो; त्याच गावी एकाला सरकारी निवासस्थान मिळाले की दुसऱ्याचा बंद होतो. अमेरिकेतही तळावरील सरकारी कौटुंबिक घर मिळाले की दोघांचाही भत्ता जातो. तेव्हा चालते की नाही, हे पुण्यातल्या एखाद्या केंद्रीय कर्मचारी दाम्पत्याला विचारून पाहावे.

आपली सूचना, म्हणजे दोघांपैकी एकाचाच भत्ता ठेवावा, नवी नाही. २०१५ साली सिनेटच्या संरक्षण विधेयकाच्या मसुद्यात जवळपास हेच होते, आणि अंतिम कायद्यात ते टिकले नाही. त्या वेळी पुढे आलेला आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. विवाहित महिला सैनिकांमध्ये दुसऱ्या सैनिकाशी लग्न केलेल्यांचे प्रमाण पुरुष सैनिकांपेक्षा कितीतरी अधिक आहे. त्यामुळे अशी कात्री चालवली तर ती प्रामुख्याने स्त्रियांच्या पगारावर चालते. हवाई दलातील लेफ्टनंट शॅरन फ्रॉन्टिएरो यांना पतीच्या नावे घरभाड्याचा वरचा दर आणि वैद्यकीय सवलत मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. पुरुषाची पत्नी आपोआप आश्रित, आणि स्त्रीने मात्र पतीचा निम्म्याहून अधिक खर्च आपण करतो हे सिद्ध करायचे, असा तेव्हाचा नियम होता. १९७३ साली न्यायालयाने तो आठ विरुद्ध एक मतांनी मोडीत काढला. तो खटला सैनिक जोडप्याचा नव्हता, हे आपण दाखवून देण्यापूर्वीच सांगून टाकते. पण स्त्रीचा भत्ता हा जणू कुटुंबाला मिळालेली वरकड आहे, ही समजूत किती जुनी आहे ते त्यातून दिसते.

आणि आता ‘बक्षीस’. महाशय, हा शब्द आपण कोठून आणला? कुटुंब-वियोग भत्ता, म्हणजे एफएसए, २००३ पासून वीस वर्षांहून अधिक काळ महिन्याला २५० डॉलर होता; दिवसाला सव्वाआठ डॉलर. तोही सलग तीस दिवसांहून अधिक दूर राहिल्यावरच मिळतो. जहाज अठ्ठावीस दिवसांनी बंदरात परतले, चार दिवस थांबले आणि पुन्हा अठ्ठावीस दिवसांसाठी निघाले, तर हाती काही येत नाही. मूल नसलेल्या सैनिक जोडप्याला आणखी दोन अटी आहेत: ताटातुटीच्या आधी दोघे एकत्र राहत असले पाहिजेत, आणि एका महिन्यात जोडप्यामागे एकच भत्ता मिळतो. ज्याला आलेल्या हुकुमामुळे ताटातूट झाली त्याला तो मिळतो. दोघे एकाच दिवशी निघाले तर वरिष्ठाला.

या अटी मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी आणि नवरा दोघेही अमेरिकेच्या सैन्यात. आमचे लग्न झाले तेव्हा माझी नेमणूक पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोकला होती आणि नवऱ्याचे जहाज पश्चिम किनाऱ्यावरील सॅन डिएगोला. चौदा महिने आम्ही दोन किनाऱ्यांवर दोन भाडी भरत होतो. वियोग भत्त्याचा डीडी १५६१ हा अर्ज मी भरून नेला, तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाने ‘एकत्र राहत होतो’ या ओळीवर बोट ठेवून तो शांतपणे परत दिला. आम्ही एकत्र कधी राहिलोच नव्हतो, त्यामुळे नियमाच्या दृष्टीने आमचा वियोगही झाला नव्हता. पुढे तो नॉरफोकला बदलून आला, वर्षभर आम्ही एका घरात राहिलो (आपल्या त्या ‘एका छपराखाली’), मग त्याचे जहाज निघाले आणि दोन महिन्यांनी मला सहा महिन्यांसाठी बहारीनला पाठवले गेले. दोन माणसे दोन समुद्रांवर, आणि भत्ता एक. आम्ही एकाच दिवशी निघालो असतो तरी पैसे त्याच्याच खात्यात गेले असते, कारण तो माझ्याहून एक श्रेणी वर होता.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. ते सीमेवर असताना आई आम्हा भावंडांना घेऊन पुण्यात, सैन्याने विभक्त कुटुंबांसाठी ठेवलेल्या क्वार्टरमध्ये राहिली. त्या क्वार्टरला तिने कधी बक्षीस म्हटले नाही आणि तिच्यासमोर कोणाला म्हणू दिले नसते. मी बहारीनला असताना तिने फोनवर एकदाच विचारले होते, की तुम्ही दोघे गेलात तर घराची किल्ली कोणाकडे असते. किल्ली शेजारणीकडे होती, आणि भाडे आम्हीच भरत होतो. त्या भाड्यापायी आम्हाला दोघांचे भत्ते मिळत होते, हे मी लपवत नाही. आपण नेमका हाच आकडा धरून बसाल, याचीही मला कल्पना आहे.

उरलेल्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात. कनिष्ठ अविवाहित सैनिक बराकीत राहतो आणि त्याला काही मिळत नाही, तर बराकीतल्याच दोघांनी लग्न केले की दोन भत्ते सुरू होतात, असे आपण लिहिले आहे. हे खरे आहे. पण ती तक्रार बराकींच्या धोरणाची आहे, माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. भत्त्यासाठी कागदी लग्ने होतात, हे आपले वाक्य माझ्या लेखाखाली लिहिण्याची आपल्याला गरज का वाटली, हे आपणच जाणोत. असे प्रकार उघडकीला आले की लष्करी न्यायालयात खटले चालतात, एवढे सांगून मी थांबते. घरभाडे आणि वियोग हे दोन्ही भत्ते करमुक्त आहेत, हा चौथा मुद्दा मूळ लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तो आपण वाचला असता तर माझे काम वाचले असते.

मूळ लेखातील साल आज १९९८ असे दुरुस्त केले आहे. आपली प्रतिक्रिया काढून टाकावी असे दोन वाचकांनी सुचवले होते. ती मी तशीच ठेवली आहे, पहिल्या वाक्यासकट.