कॅनडाने युद्धासाठी काहीच शोधलं नाही?

गेले काही दिवस एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा सारांश असा: कॅनडा हा शांतताप्रिय देश. त्याने जगाला इन्सुलिन, वॉकीटॉकी, बर्फावरची गाडी आणि ‘फक्त जीव वाचवण्यासाठी’ गॅस मास्क दिला. आपल्या ट्रॉम्बेला अणुभट्टी दिली, तीही विजेसाठी. युद्धासाठी या देशाने एकही शोध लावला नाही. वाचायला छान वाटतं, पण यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं किंवा अर्धवट आहे. ज्यांनी हे शोध लावले त्यांचं अर्धं आयुष्यच त्यात पुसून टाकलंय, आणि ते मला सहन होत नाही.

‘एकही शोध नाही’ इथूनच सुरुवात करू. विल्बर फ्रँक्स टोरंटो विद्यापीठात कर्करोगावर संशोधन करत होते. गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये त्यांच्या काचेच्या नळ्या फुटायच्या. त्यांनी नळी पाण्यात तरंगती ठेवली; बाहेरून सगळीकडून पाण्याचा आधार मिळाला आणि नळी टिकली. लढाऊ विमान वेगात वळतं तेव्हा वैमानिकाचं रक्त पायांकडे ओढलं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते, शुद्ध हरपते. नळी वाचते तर माणूस का वाचू नये? फ्रँक्स यांनी पाणी भरलेल्या निरोधांत उंदीर गळ्यापर्यंत बुडवून फिरवले. उंदीर जिवंत निघाले. मग माणसासाठी पाण्याने भरलेला पोशाख शिवला गेला. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून तो बराच काळ दडवून ठेवला आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत ब्रिटिश आरमाराच्या वैमानिकांनी घातला. पाण्यामुळे तो जड होई, म्हणून पुढे हवेवर चालणारे पोशाख आले. पण लढाईत उतरलेला पहिला जी-सूट हा. आणि तो युद्धासाठीच शोधला होता.

दुसरं उदाहरण आरडीएक्सचं. १९९३ नंतर मुंबईकराला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. हे स्फोटक कॅनडात जन्मलं नाही, पण ते मोठ्या प्रमाणावर बनवण्याची एक नवी पद्धत १९४० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात सापडली. पाणतीर आणि पाणबुडीविरोधी बॉम्ब यांत ते भरलं गेलं.

वॉकीटॉकी आणि बर्फावरची गाडी मुळात नागरीच होती, हे मान्य. डोनाल्ड हिंग्ज यांनी १९३७ मध्ये जंगलात उतरणाऱ्या वैमानिकांसाठी, एका खाण कंपनीत काम करताना, उचलून नेता येईल असा रेडिओ बनवला. (पहिला कोणाचा, यावर अमेरिकेचाही दावा आहे.) पण तो नावारूपाला आला युद्धात, सैनिकांच्या हातात. क्वेबेकच्या व्हॅलकूरमधले बॉम्बार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, दवाखाना गाठता आला नाही, पोर गेलं. त्या माणसाने बर्फावर माणसं नेणारी गाडी बनवली. युद्ध आल्यावर त्याच माणसाच्या आराखड्यांवरून सैन्याच्या गाड्या निघाल्या, चिलखती गाड्यासुद्धा.

गॅस मास्कच्या बाबतीत तर मजकुराने देशच चुकीचा सांगितलाय. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी क्लोरीन सोडल्यावर रसायनात भिजवलेली, डोळ्यांपुढे पारदर्शक पट्टी लावलेली कापडी पिशवी डोक्यावरून घालण्याची कल्पना काढली ती डॉ. क्लूनी मॅकफर्सन यांनी. ते न्यूफाउंडलंड रेजिमेंटचे डॉक्टर, आणि न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं १९४९ मध्ये! ‘फक्त जीव वाचवण्यासाठी’ हेही अर्धंच खरं. विषारी वायूत सैनिकाला खंदक सोडावा लागू नये, हाच तर त्या पिशवीचा उपयोग होता.

आता इन्सुलिन. ते शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांना हा मजकूर ‘शांततेचा पुजारी’ म्हणतो. इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले गेले, ही गोष्ट कितीही वेळा सांगावी. पण याच बँटिंग यांनी पहिल्या महायुद्धात जखमी असताना जखमींवर उपचार केले आणि शौर्यपदक मिळवलं. दुसऱ्या युद्धात त्यांनी मस्टर्ड गॅस या विषारी वायूचा प्रयोग स्वतःच्या पायावर करून पाय भाजून घेतला. फ्रँक्स यांच्या कामामागेही ते उभे होते. आणि जर्मनी जंतू वापरेल या भीतीने कॅनडाने जैविक अस्त्रांची तयारी करावी, असा आग्रह त्यांनीच धरला. ऑक्टोबर १९४० मध्ये ओंटारियोतल्या बाल्सम तलावावर विमानातून लाकडाचा भुसा सोडला गेला, जंतू कसे पसरतील ते पाहायला. पुढे क्वेबेकच्या ग्रोस बेटावर अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंवर काम झालं. ते बँटिंग यांनी पाहिलं नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये युद्धसंशोधनाच्याच कामासाठी इंग्लंडला निघालेलं त्यांचं विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळलं. मधुमेहाच्या लाखो रुग्णांना वाचवणारा आणि जंतूंचा भुसा मोजणारा माणूस एकच होता. दोन्ही सांगितल्याशिवाय बँटिंग सांगितले असं मी मानणार नाही.

उरली अणुभट्टी. घारापुरीच्या बोटीतून ट्रॉम्बेकडे पाहिलं की किनाऱ्यावर घुमट दिसतो. ‘सायरस’ ही वीज बनवणारी भट्टी नव्हतीच, ती ४० मेगावॉटची संशोधन अणुभट्टी होती. विजेसाठी कॅनडाने मदत केली ती राजस्थानात. सायरससाठीचा करार १९५६ चा, भट्टी सुरू झाली १९६० मध्ये. करारात ‘शांततामय उपयोग’ हे शब्द होते, पण नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्टीत अणुबॉम्बला लागणारं प्लुटोनियम तयार होणारच. १८ मे १९७४ ला पोखरणला जो स्फोट झाला त्याचं प्लुटोनियम इथलं. भारताने त्याला शांततामय स्फोट म्हटलं. कॅनडाने विश्वासघात मानून १९७६ मध्ये अणुसहकार्य संपवलं. कॅनडाचा संताप मला समजतो. पण सायरसचा नमुना होता कॅनडातल्याच चॉक रिव्हरची एनआरएक्स भट्टी, आणि तिथलं प्लुटोनियम अमेरिकेच्या अण्वस्त्रांसाठी कॅनडाने स्वतः विकलेलं होतं.