उलवे की नागाव?

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे याविषयी आपल्याकडे एकमत नसले, तरी त्याने कुठे राहावे याविषयी प्रत्येक नातेवाइकाचे मत तयार असते. डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही बत्तीस वर्षे काढली. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि ही जागा विकून दुसरीकडे जाण्याचा विषय घरात निघाला. सौ.ने उलव्याचे नाव घेतले, कारण तिथून नवी मुंबईचा नवा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे आणि आमचा मुलगा परदेशात असतो. मी नागावचे नाव घेतले, कारण अलिबागच्या पुढे नारळ-पोफळीच्या वाडीत झोपाळ्यावर बसून समुद्राची गाज ऐकायची, हे मी नोकरीतल्या प्रत्येक कंटाळवाण्या बैठकीत नव्याने ठरवत आलो होतो. मुलाला फोनवर विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला आवडेल ते करा," म्हणजे आईला आवडेल ते करा. आम्ही दोघे विमानात दोन वर्षांतून एकदा बसतो आणि समुद्रात मी घोट्यापलीकडे कधी उतरलेलो नाही, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

जागा दाखवणाऱ्या दोन्ही दलालांनी आमचा गोंधळ वाढवला. उलव्याच्या दलालाने विमानतळाचे नाव एकदाच घेतले आणि आम्हाला थेट बाल्कनीत उभे करून, "काका, खाडीचा व्ह्यू बघा, हवा बघा, गोव्याला गेल्यासारखं वाटतं की नाही?" असे विचारले. खाडी कांदळवनाच्या मागे कुठेतरी होती आणि हवेत कंटेनरच्या ट्रेलरांची धूळ होती. नागावचा दलाल मात्र समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. "समुद्र काय, कुठे पळून जात नाही. करंजा-रेवस पुलाचं काम सुरू आहे, तो झाला की विमानतळ इथून किती जवळ येतो ते बघा," असे तो म्हणाला. एकूण, समुद्र हवा असेल तर उलव्यात राहावे आणि विमानतळ हवा असेल तर नागावात, असा निष्कर्ष निघत होता.

माझ्या बाजूने एक ऐतिहासिक पुरावा होता. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने चुंबकीय नोंदींत बिघाड होईल म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे ते काम १९०४ साली अलिबागला हलवण्यात आले. "एका लोखंडी सुईला जर शहराची धडधड सोसवली नाही," मी म्हणालो, "तर माझ्यासारख्या रक्तदाबाच्या माणसाने काय करावे?" सौ.ने माझ्याकडे न पाहता उत्तर दिले, "सुईकडे पाहुणे येत नाहीत." हे वाक्य त्या वेळी मी हसण्यावारी नेले. पुढे दोन्ही गावांत पंधरा-पंधरा दिवस भाड्याने राहून पाहायचे ठरले.

जानेवारीत आम्ही उलव्यात गेलो. ज्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि दहा गावठाणे हलली, त्या विमानतळाला माझ्या दुपारच्या झोपेची काय पत्रास असणार, अशी मनाची तयारी मी आधीच करून ठेवली होती. प्रत्यक्षात विमानांनी मला फारसा त्रास दिला नाही. त्रास दिला तो विमानात बसणाऱ्यांनी. २५ डिसेंबर २०२५ला तिथून उड्डाणे सुरू झाली आणि आम्ही उलव्यात आहोत ही बातमी त्यानंतर लगेचच साताऱ्यापासून नाशिकपर्यंतच्या आमच्या नातेवाइकांत पसरली. सकाळचे विमान असलेला प्रत्येक जण आदल्या रात्री अकराला येई, "तुम्ही झोपा हो, आम्ही हॉलमध्ये पडतो," असे म्हणे आणि पहाटे चारला गिझर कसा लावायचा हे विचारण्यासाठी आम्हाला उठवी.

साताऱ्याहून आलेला माझा मावसभाऊ आणि त्याची बायको बंगळुरूला लेकीकडे निघाले होते. रात्री बाराच्या सुमारास त्यांच्या बॅगेचे वजन करण्याचा सोहळा झाला. एका बॅगेला १५ किलोंची मर्यादा होती आणि घरात साधन होते ते सौ.चे वजन पाहण्याचा काटा, ज्यावर बॅग ठेवली की आकडाच झाकला जाई. शेवटी मी बॅग उराशी धरून काट्यावर उभा राहिलो, माझे वजन वजा केले, तेव्हा सव्वासतरा किलो भरले. माझे वजन मी दोन किलो कमी सांगतो हे सौ.ने चारचौघांत जाहीर केल्यावर पुन्हा वजाबाकी झाली आणि बॅग सव्वापंधरावर आली. त्या पाव किलोसाठी भाजणी, मेतकूट आणि कंदी पेढे यांच्यावर एकेक करून खल झाला व अखेर कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी बाहेर काढण्यात आली. बरणी एकटीच पाऊण किलोची होती, म्हणून तिच्या जागी आमच्याकडचे तिळाचे लाडू भरण्यात आले. "दादा, ही तुमच्याकडे राहू दे, परत येताना नेऊ," असे म्हणून मावसभावाने बरणी माझ्या हाती दिली. पंधरवडा संपेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात अशा परत येताना न्यायच्या नऊ वस्तू जमल्या होत्या, त्यांत एक इस्त्रीही होती.

त्याच पंधरवड्यात आमचा मुलगा आला. त्याचे विमान सहारला उतरले. दाराशी विमानतळ असताना टोल भरून, २१.८ किलोमीटरचा अटल सेतू ओलांडून आम्ही त्याला आणायला गेलो. परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही.

फेब्रुवारीत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा गाठून आम्ही नागावला गेलो. बोटीत मला वेगळीच चिंता लागली. "मी काय अलिबागहून आलोय?" हे वाक्य मी आयुष्यभर भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सर्वांना ऐकवले आहे, या वाक्प्रयोगावर बंदी आणावी म्हणून उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती आणि न्यायालयाने २०१९ मध्ये ती फेटाळली. म्हणजे वाक्य कायद्याने सुरक्षित राहिले, पण मला मात्र ते यापुढे वापरता येणार नव्हते.

नागावचे पहिले चार दिवस खरोखर सुखाचे गेले. शेजारच्या आजींनी मला भरतीचे गणित शिकवले: तिथीला पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, अमावस्येला सव्वाअकरा. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांच्या वाडीतली किती झाडे आडवी झाली हे त्या बुंधे दाखवून, एकेका माडाला माणसासारखे आठवत सांगत. पाचव्या दिवशी खाऱ्या हवेने गंजलेली न्हाणीघराची कडी अडकली आणि मी पाऊण तास आत राहिलो. त्या अवधीत तिथीचे गणित पक्के झाले. सहावा दिवस शनिवार होता.

शनिवारी सकाळी एक गाडी आली, दुपारी दुसरी आली. उलव्याला येणारा पाहुणा निदान विमानाच्या वेळेला बांधलेला असतो. समुद्राला सुटण्याची वेळ नसते. आलेली मंडळी ओल्या कपड्यांनी घरभर फिरत, न्हाणीघराच्या मोरीत वाळू भरून ठेवत आणि जाताना दोन-दोन नारळ "आठवण म्हणून" नेत. ते नारळ घरमालकाचे होते आणि त्याने ते मोजून ठेवलेले होते. रविवारी रात्री वरणात दाताखाली कचकन वाळू आली, तेव्हा सौ.ने वाटी खाली ठेवली आणि फक्त "सुई," एवढेच म्हणाली.

शेवटच्या शुक्रवारी मावसभाऊ सपत्नीक दारात उभा राहिला. बंगळुरूहून परत येताना उलव्याचे दार बंद दिसले, तेव्हा चौकशी करत ते लोणच्याची बरणी न्यायला इथवर आले होते आणि आता आलोच आहोत तर सोमवारपर्यंत राहू, असे त्यांचे ठरले होते. जेवणाच्या वेळी सौ.ने फळीवरून बरणी काढून दिली. पत्र्याचे झाकण खाऱ्या वाऱ्याने तांबूस होऊन काचेला घट्ट बसले होते. मावसभावाने ते फडक्याने धरून पिळले, मी उंबऱ्यावर ठोकून पाहिले, वहिनींनी गरम पाण्यात धरले, आजींनी त्यावर खोबरेल सोडले. झाकण हलले नाही. सोमवारी निघताना मावसभावाने बरणी पुन्हा फळीवर ठेवली.

"राहू दे, दादा," तो म्हणाला, "पुढच्या खेपेला नेऊ."