महापौर मराठी, बंब कुणाचा?

मुंबई महापालिकेच्या 2026 च्या निवडणुकीआधी, डिसेंबर-जानेवारीत, आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. मुंबईचा महापौर मराठीच हवा! ठाकरे बंधू एकत्र आले आणि त्यांनी तसं जाहीर केलं. मग भाजपनेही आमचाही मराठीच, वर हिंदू, असं ठणकावून सांगितलं. म्हणजे ज्या मुद्द्यावरून एवढी हाणामारी, त्यावर सगळ्यांचं एकमत! गिरगावातला माझा चुलतभाऊ, आम्हा सगळ्या भावंडांचा दादा, सकाळी उठल्या उठल्या त्यावर काहीतरी फॉरवर्ड करायचा. मी एवढंच विचारलं की, दादा, महापौर मराठी झाला की अग्निशमन दलाला चार पैसे जास्त मिळणार आहेत का? उत्तर आलं, "तू ह्यूस्टनला बसून आम्हाला शिकवू नकोस. तुमच्याकडे कोण आहे महापौर? जोशी की कुलकर्णी?"

आमच्याकडे जॉन व्हिटमायर आहेत. 2023 च्या डिसेंबरात शीला जॅक्सन ली यांना हरवून ते निवडून आले. ते कुठल्या जातीचे, कुठल्या प्रांतातले, यावर कुणी रक्त आटवलं नाही. चर्चा होती ती गुन्हेगारीची, रस्त्यांची, आणि अग्निशमन दलाच्या पगाराची.

हा पगाराचा घोळ जुना. 2017 पासून इथल्या फायरफायटरांना करारच नव्हता. 2018 मध्ये मतदारांनी कौल दिला की त्यांना पोलिसांच्या बरोबरीने पगार द्या. तेव्हाचे महापौर सिल्व्हेस्टर टर्नर म्हणाले, शहराला झेपणार नाही. मग कोर्ट, वरचं कोर्ट, त्याच्या वरचं कोर्ट. व्हिटमायर तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होते. युनियनने त्यांना उघड पाठिंबा दिला आणि महापौर झाल्यावर काही महिन्यांत त्यांनी दीड अब्ज डॉलरचा समझोता केला. साडेसहाशे दशलक्ष मागची थकबाकी, आणि पुढच्या पाच वर्षांत 34 टक्क्यांपर्यंत पगारवाढ. थकबाकीसाठी रोखे काढायचे, म्हणजे ते कर्ज आज शाळेत जाणारी पोरं मोठी होऊन फेडत बसणार. शहराचे हिशेब बघणारे कंट्रोलर ख्रिस हॉलिन्स यांनी भुवया उंचावल्या. ज्यांनी मतं मिळवून दिली त्यांनाच पैसे दिले, असंही लोक बोलले. बोलू देत. पण महापौराने काय केलं, किती पैशात केलं आणि ते कोण भरणार, हे सगळं समोर आहे. आवडलं नाही तर पुढच्या वेळी त्याला पाडता येतं.

मुंबईत कुणाला पाडायचं? आग लागली की बंब महापालिकेचा, पण दल आयुक्तांच्या हाताखाली, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. 108 ची रुग्णवाहिका राज्याच्या आरोग्य खात्याची. तिन्हींपैकी एकाचीही चावी महापौराकडे नाही. त्यांच्याकडे सभागृहाचं अध्यक्षपद, राणीच्या बागेतला बंगला आणि लाल दिव्याच्या आठवणी. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं मुंबईला महापौरच नव्हता. 2025-26 चं 74,427 कोटींचं बजेट एकाही नगरसेवकाशिवाय मांडलं गेलं आणि मंजूरही झालं. ग्रुपवर त्याबद्दल एक ओळ आली नव्हती. आणि कडी म्हणजे, 15 जानेवारीला मतदान, दुसऱ्या दिवशी निकाल, आणि महापौरपद कुठल्या प्रवर्गाला जाणार ही सोडत त्यानंतर! म्हणजे ज्या खुर्चीसाठी घसे फोडले, तिच्यावर कोण बसू शकतं हेच मत देताना ठाऊक नव्हतं. व्हिटमायर-ली सामन्याच्या वेळी कुणी मला सांगितलं असतं की विजेत्याचा प्रवर्ग नंतर चिठ्ठी टाकून ठरेल, तर मी हसले असते.

दादाला हे असं लिहिलं की तो एकच वाक्य टाकतो. "अस्मिता पैशात मोजत नाहीत."

बरं, नको मोजूस. मग काळबादेवी आठव. 9 मे 2015. गोकुळ निवासला आग लागली, इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन, आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. अमीन आणि नेसरीकर काही दिवस हॉस्पिटलात झुंजले. गोकुळ निवास दादाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या गल्ल्या मी ओळखते. हातगाडी आणि टॅक्सी समोरासमोर आली की दोघांपैकी एकाला उलटं जावं लागतं, डोक्यावर वायरींचं जाळं, आणि जिन्याखालच्या खोलीत कापडाचे नाहीतर कागदाचे गठ्ठे. तिथे शिडीचा बंब वळवून दाखवावा कुणी. त्यांच्यातही मराठी माणसं होतीच की. त्यांच्यासाठी अस्मितेचा एक बॅनर लागला असता तर मी दादापुढे हात जोडले असते.

ह्यूस्टनलाही अशीच एक तारीख आहे. 31 मे 2013, साउथवेस्ट फ्रीवेवरचं एक मोटेल, आणि आग सुरू झाली ती त्याला लागून असलेल्या भारतीय रेस्टॉरंटमधून. छत कोसळलं आणि चार फायरफायटर गेले. या दलाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट दिवस. आपल्या हिलक्रॉफ्टच्या देशी बाजारापासून काही लांब नाही ते. आपण त्या बाजारात साड्या आणि आंबे आणायला जातो. त्या आठवड्यात देशी मंडळींत एक विचित्र अवघडलेपण होतं, जणू आपल्याच घरातून काहीतरी सांडलं होतं.

इथे बहुतेक वेळा बंब आगीसाठी येतच नाही. एका मित्राकडे नाशिकहून आलेल्या त्याच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. 911 लावला, तर आधी दारात उभा राहिला तो लाल अवाढव्य ट्रक. जाड बुटांची चार माणसं गालिच्यावरून सरळ आत. काका घाबरून उठून बसले आणि हात जोडून म्हणाले, "अहो, आग नाही लागलेली इथे!" तोपर्यंत एकाने त्यांचा शर्ट उघडून छातीला तारा चिकटवल्यासुद्धा होत्या. काका बरे आहेत. पुढे रुग्णवाहिकेचं जे बिल आलं त्याचा आकडा मी ग्रुपवर कधीच टाकलेला नाही. 108 फुकट असते, हे दादा बरोबर पकडेल.

आणि तो आणखी एक पकडू शकतो. त्याने अजून पकडलेलं नाही, म्हणून मीच सांगते. मी ह्यूस्टनमध्ये राहत नाही. शुगर लँडला राहते, आमच्यातले निम्मे लोक राहतात तसे, शाळा चांगल्या म्हणून. व्हिटमायरना मत द्यायचा मला हक्कच नाही, आणि त्यांच्या रोख्यांचं कर्ज माझ्या मालमत्ता करातून जाणार नाही. ऑफिस ह्यूस्टनमध्ये, गाडी त्यांच्या रस्त्यावर, फ्रीवेवर ठोकली तर बंब त्यांचा, कर मात्र दुसऱ्या गावाला. शुगर लँडला महापौर आहेत, पण रोजचा कारभार सिटी मॅनेजर बघतो. चक्क मुंबईसारखं. फरक इतकाच की हा मॅनेजर आमची कौन्सिल नेमते आणि काढतेही. वरून कुणी पाठवत नाही.

ज्यांना मत होतं त्यांनी तरी काय दिवे लावले? 2023 च्या त्या डिसेंबरात ह्यूस्टनच्या पाच मतदारांतला एकसुद्धा केंद्रावर गेला नव्हता. दादा मात्र गेला. कॉर्पोरेशनच्या मतदानाला तो दरवेळी जातो, शाईचं बोट ग्रुपवर टाकतो. मुंबईच्या यादीतून माझं नाव पासपोर्ट बदलला तेव्हा गेलं. दोन्ही शहरांबद्दल मी सगळ्यात जास्त बोलते आणि दोन्हीकडे माझ्या मताची किंमत शून्य. दादा म्हणतो शिकवू नकोस, त्यात हेच असावं. पण मग मी बोलू कुठल्या शहराबद्दल? शुगर लँडबद्दल? तिथे वाद होतात ते झाडं कापण्याचे आणि एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे.

तरी माझा प्रश्न जागचा हललेला नाही. मुंबईत पैशाच्या फायली जातात स्थायी समितीपुढे. कुठली शिडी घ्यायची, कुठलं अग्निशमन केंद्र बांधायचं, हे खर्च तिथे मंजूर होतात. तिच्या अध्यक्षाचं नाव काय, हे दादाला काल विचारलंय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.